केळीच्या देठाच्या पणत्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सगळ्यांचे वडीलधारे माननीय भिकनआबा. व्यासपीठावर बसलेल्या मुख्याध्यापिका सुनंदाबाई. बोदवडच्या एवढ्या उन्हात जळगावहून मुद्दाम आलेले शिक्षण खात्याचे साहेब. ज्यांना निरोप देण्याचं अवघड काम आज आपण अंगावर घेतलं आहे ते आपले ड्रॉइंगचे सर, श्री. जीवराम सर, आणि त्यांच्या सौभाग्यवती धुरपदाबाई; शिक्षकवृंद, माझे व्यापारी बंधू, खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून आलेली शेतकरी मंडळी, माझ्या मायबहिणी, आणि पुढे सतरंजीवर बसून मघापासून पेढ्यांच्या ताटावरून नजर न काढणारे माझे बालमित्र, सगळ्यांना माझा नमस्कार.

पाहुण्यांसाठी सांगतो. मी पारसमल. बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे आणि या हायस्कुलाच्या समितीत मी सोळा वर्षं आहे. सुनंदाबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पण दुकानात मीटर आला तरी माझी जीभ अजून वारानेच मोजते. तेव्हा थोडं लांबलं तर आबा, घंटी वाजवू नका. तुमच्या हाताजवळ ती ठेवली आहे हे मी आल्या आल्या पाहिलंय.

सर आपल्या गावात एकोणीसशे छप्पन साली आले. पार पिंपळनेरकडचा माणूस. आमच्या पूर्व खानदेशात येऊन पडला तो एक पत्र्याची पेटी आणि कागदाची भली मोठी गुंडाळी घेऊन. वर्गात बोलायचे ते पुस्तकी मराठी. पण चित्र मनासारखं जमलं किंवा मुलाने पाण्याची वाटी सांडली की आतली अहिराणी बाहेर यायची. त्यावरून मुलं ओळखायची, सर खुशीत आहेत की रागात आहेत. म्हणजे दोन्हींत अहिराणीच, पण आवाज वेगळा.

सरांचे गुण सुनंदाबाईंनी सांगितले, साहेबांनीही सांगितले. मी ते पुन्हा सांगत नाही. मी एक गोष्ट सांगायला उभा आहे. तिचा अर्धा भाग या गावात सगळ्यांना पाठ आहे, लग्नाकार्यात अजून हसत हसत सांगतात. उरलेला अर्धा फक्त तिघांना ठाऊक होता. सर, मी आणि माझी आई. आई दोन वर्षांपूर्वी गेली. सर उद्या सकाळच्या गाडीने भुसावळला जाणार, तिथून धुळ्यावरून पिंपळनेर. मग उरलो मी एकटा. आणि खरं सांगू का, माझा माझ्यावर भरवसा नाही.

तर गोष्ट चौसष्ट सालची. तेव्हा या हायस्कुलात मुलींना बसायला स्वतंत्र खोली नव्हती. त्यामुळे सातवी झाली की मुली घरी. आमच्या ओसवालांच्या घरीही तेच आणि पाटलांच्या घरीही तेच. माझी मंजू त्याच वर्षी सातवी पास झाली होती. पहिली आली होती. जूनपासून ती घरात पापड लाटत होती आणि जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून शिवत होती. खोली झाली तर पुढच्या जूनला मुलींची आठवी सुरू करू असं हेडमास्तरांनी कबूल केलं होतं. आता तुम्ही म्हणाल, समितीचा माणूस, चांगलं दुकान, एकुलती मुलगी हुशार, मग खोली झाल्यावर ती शाळेत जाणार हे ठरलेलंच. नाही. ते ठरलेलं नव्हतं. ते कसं ठरलं, हीच गोष्ट आहे.

खोलीसाठी पैसा उभा करायला सरांनी एक कल्पना काढली. दिवाळीला आपण व्यापारी लोक शेकड्यांनी शुभेच्छापत्रं पाठवतो. धुळ्याला, मालेगावला, सुरतेला. ती बाहेरून छापून आणण्यापेक्षा गावाने स्वतःच्या हाताने छापायची आणि व्यापाऱ्यांनी ती विकत घ्यायची. छापखाना नको, यंत्र नको. ठसे करायचे, रंगात बुडवायचे, कागदावर उठवायचे. ज्याला दोन हात आहेत त्याने यावं. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं मी कागद कापतो, कोणी म्हणालं मी घडी घालतो. मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "साहित्य बठ्ठं माझ्याकडे!" बठ्ठं म्हणजे सगळं; सरांची भाषा वापरली की सर खूश होतात, हे मला माहीत होतं.

सरांनी मला चिठ्ठी दिली. मी ती वाचली नाही. शेठ लोक चिठ्ठी वाचत नाहीत, मुनिमाकडे देतात. मुनिमाला म्हणालो, यातलं सगळं धर्मशाळेत पोचतं कर. कारण काम धर्मशाळेत होणार होतं. गावात तेवढी मोठी फरशी दुसरीकडे नव्हती, आणि धर्मशाळा आमच्या समाजाची, तिचा सगळा कारभार माझ्या आईच्या हातात. माझी आई म्हणजे सज्जनबाई, गाव जिला अक्का म्हणायचं. नव्या पिढीने तिला नीट पाहिलेलं नाही. उंचीने एवढीशी, पण धर्मशाळेच्या दारात ती खुर्ची टाकून बसली की मोठमोठे व्यापारी चपला बाहेर काढून, हात जोडून आत जायचे. आत कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली वाढणारं कोणतंही कंदमूळ नाही. तसा बोर्डच होता. बोर्ड नसता तरी चाललं असतं. आई होती.

आता त्या चिठ्ठीत काय होतं? रंग, ताटल्या, जाड कागद, सुतळी. आणि शेवटची ओळ: बटाटे, मोठे, एक पोतं.

हसा, हसा. सरांच्या डोक्यात बटाट्याचे ठसे होते. बटाटा कापायला सोपा, कोरायला सोपा, पोरंसोरंही करतात. पण बटाटा धर्मशाळेत जात नाही हे पिंपळनेरच्या माणसाला कोण सांगणार? मुनिमाला माहीत होतं, पण मुनिमाने विचार केला की शेठने दिलंय म्हणजे शेठला माहीत असेल. आणि शेठने तर वाचलंच नव्हतं!

पोतं आलं कोणत्या दिवशी? संवत्सरीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या पर्युषणाचा तो शेवटचा दिवस. सगळा समाज उपाशी असतो आणि वर्षभरातल्या चुकांसाठी जो तो दुसऱ्यापुढे हात जोडतो. आईचे आठ दिवसांचे उपास होते, नुसत्या पाण्यावर. दुपारी साधुमहाराजांचं व्याख्यान सुटलं. स्थानकातून, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेतून, माणसं बाहेर पडली. धर्मशाळा अगदी समोर. मी रस्त्यात उभा, पांढरंशुभ्र धोतर, हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, पुढे आमच्या समाजाचे पंच. आणि तेवढ्यात आपला झिपरू हमाल पाठीवर पोतं घेऊन गर्दीत घुसला आणि त्याच्या त्या आवाजात, जो स्टेशनपासून बाजारापर्यंत ऐकू येतो, त्या आवाजात विचारता झाला,

"पारसमलशेठ, तुमचे बटाटे कुठं उतरवू?"

झिपरूभाऊ, मागे उभा आहेस ना? तू अजून तसाच विचारतोस.

 पंचांनी जोडलेले हात सोडले. आई खुर्चीतून उठली. आठ दिवसांची उपाशी बाई, पण उठली. पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पोतं आत येणार नाही. परतही न्यायचं नाही. झिपरू, घरी ने, वाटून खा." झिपरूच्या आळीत पुढे महिनाभर दोन्ही वेळा बटाट्याची भाजी होती असं म्हणतात. आणि मला गावाने जे नाव दिलं, ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. मागच्या रांगेला ते माहीत आहे.

सर संध्याकाळी घरी आले, कान धरून. आईला म्हणाले, "अक्का, माझी चूक." आई म्हणाली, "मास्तर, तुम्ही लिहिलं ते बरोबर लिहिलं. ज्याने वाचलं नाही त्याची चूक." मग सर म्हणाले, भेंडीचे ठसे करू, दोडक्याचे करू. तर चातुर्मास चालू. धर्मशाळेत अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथीला हिरवी भाजी चिरत नाहीत. पंधरवड्यात असे कितीतरी दिवस जाणार. लाकडाचे ठसे कोरायचे तर दिवाळी उलटून जाईल. सरांचा चेहरा उतरला. मंजू दाराआड उभी राहून ऐकत होती, तिचाही उतरला. खोली हातची जाते की काय असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत उपास सोडणाऱ्यांची पंगत होती. त्यासाठी जवळच्या खेड्यातल्या सुंदरबाईंनी विहिरीवरच्या बागेतली केळीची पानं गाडीभर आणली होती. सुंदरबाई समोर बसल्या आहेत, मी खोटं बोललो तर त्या मला इथेच अडवतील. पानं पंगतीला गेली आणि कापलेले जाड देठ ओट्यावर एकावर एक पडले होते. मी आलो, थकलेला होतो, आदल्या दिवसाच्या बदनामीने आणखी थकलेला. ओट्यावर टेकलो. कशावर टेकलो ते बघितलं नाही. न बघता करणं ही माझी सवय एव्हाना तुमच्या लक्षात आली असेलच.

केळीच्या चिकाचा डाग लागतो तेव्हा दिसत नाही. दोन तासांनी तपकिरी होतो आणि मग जन्मात जात नाही. कापडवाल्याला हे शिकवायला नको. मी दुकानात उभा, गिऱ्हाईक हसतंय, मुनीम तोंड फिरवतोय, मला कळेना. तेवढ्यात सर आले. ते मात्र हसले नाहीत. माझ्या मागे आले आणि तिथेच उभे राहिले. मी वळलो की ते वळायचे. शेवटी ओरडले, "शेठ, हालू नका! मांगे बठ्ठ्या पणत्या शेतस!"

केळीचा देठ आडवा कापला की त्याचा आकार कसा असतो? खाली गोल, वर खोलगट. अगदी पणतीसारखा. आणि आत बारीक बारीक घरांची जाळी, सोनाराने केल्यासारखी. माझ्या धोतरावर त्या पणत्यांची रांग उठली होती. नको तिथे उठली होती, पण सुबक उठली होती.

सर तिथूनच आईकडे धावले. आईने एकच विचारलं, "कापायचं कोण?" तेव्हा सुंदरबाई म्हणाल्या, "अक्का, हे त कापेलच हाये. घड निघाला का आम्ही झाड तोडूनच टाकतो. देठं बांधावर पडेल असतात. मी आणत जाईन, तुमच्या इथं सुरी लावायचं काम नाही." आईने थोडा विचार केला आणि मान हलवली. बटाट्याने जे अडलं होतं ते असं सुटलं.

मग महिनाभर त्या धर्मशाळेत जे चाललं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. एका सतरंजीवर आमच्या समाजाच्या सुना, तिच्यावरच शेतकऱ्यांच्या लेकीसुना. एरवी या बायका एकमेकींना दुकानाच्या पायरीवर भेटायच्या, बोलायच्या ते भावाचं बोलायच्या. इथे एकमेकींच्या बांगड्या बघत, सासूच्या तक्रारी करत पणत्या छापत होत्या. सर मधून फिरत सांगायचे, "दाबू नका. पाळण्यात बाळ टेकवतात तसं टेकवा." ताटलीत ओलं फडकं, त्यावर रंग, देठ त्यावर टेकवायचा, मग कागदावर. झाली पणती. आणि ज्योत? ज्योत अंगठ्याची. पिवळ्या रंगात अंगठ्याचं टोक बुडवून पणतीवर जरा तिरकं उठवायचं. दोन पत्रं एकसारखी होत नव्हती, कारण दोन अंगठे एकसारखे नसतात.

आई रोज येऊन दारात बसायची. कशाला? बटाटा आत येतो का बघायला. चौथ्या दिवशी खुर्ची दारातून आत आली. सहाव्या दिवशी आई सतरंजीवर. तिने मारवाडातून आल्यापासून दर सणाला अंगणात मांडणे, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढले होते, हात सरावलेला होता. तिची पणती अशी उठायची की सर ती बाजूला काढून ठेवायचे.

आता इथे मला थोडं सावकाश बोलावं लागेल. माझ्या आईला सही येत नव्हती. धर्मशाळेच्या, घराच्या, दुकानाच्या कागदांवर ती अंगठा द्यायची. आणि तो अंगठा गेली वीस वर्षं मीच तिचा हात धरून उठवत होतो. कागदात काय आहे ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवशी ती ज्योत काढायला लागली, आणि सवयीने माझा हात पुढे गेला. मी तिचा अंगठा धरला. तिने तो झटकून सोडवला. म्हणाली, "छोड, म्हनै आवै." सोड, मला येतं. आणि तिने स्वतःच्या हाताने ज्योत काढली. बायका हसल्या, मीही हसलो. पण मला ते कुठेतरी लागलं. का लागलं ते तेव्हा कळलं नाही, आठ दिवसांनी कळलं.

त्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट घराबाहेर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मंजूही रोज यायची, पण आजी ज्या टोकाला बसायची त्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसायची. आजीशी तिचा अबोला होता. पंधरा दिवसांचा. आजीने पेरू पुढे केला तर घ्यायची नाही. आई मला विचारायची, पोरीला काय झालंय रे? मी म्हणायचो, असंच, वय आहे.

काय झालं होतं ते मला पक्कं माहीत होतं. सर आठवीच्या मुलींची यादी करत घरोघर फिरत होते. माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणालो, "सर, माझं काय, मी आत्ता पाठवतो. पण आईची मर्जी नाही. जुनी माणसं, त्यांच्यापुढे काय बोलणार?" मंजूलाही मी तेच सांगितलं. आजी नको म्हणते.

मंडळी, मी आईला विचारलंच नव्हतं.

मला भीती वाटत होती. आठवी-नववी शिकलेल्या मुलीला आमच्यात स्थळ येणार नाही, बाजारात लोक बोलतील, पेढीवर कोणी टोमणा मारेल. एवढीच भीती, फार मोठी नाही. पण ती माझी आहे असं म्हणण्याची हिंमत नव्हती. म्हणून आईच्या नावावर टाकली. तिच्यापुढे गावात कोणी बोलत नाही, म्हणजे विषयच संपला. दुसऱ्यांच्या मुलींसाठी खोली बांधायला मी पुढे, साहित्य बठ्ठं माझ्याकडे, आणि माझी स्वतःची मुलगी घरात. याला काय म्हणावं?

एके दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. मंजूही गेली होती. धर्मशाळेत सर ताटल्या धुऊन ठेवत होते, आई भिंतीला टेकून बसली होती, मी पत्रांचे गठ्ठे बांधत होतो. सर सहज म्हणाले, "अक्का, रागावू नका, एक विचारतो. तुमच्या हातात एवढी कला, नातीलाही तीच आहे. तिला आठवीला का पाठवत नाही? शेठ म्हणतात तुमची मर्जी नाही."

 आईने माझ्याकडे पाहिलं. सुतळी माझ्या हातात तशीच. मग अगदी हळू म्हणाली, "म्हनै कुण पूछ्यो?"

मला कोणी विचारलं?

सरांना सगळं समजलं. त्यांनी काय केलं असेल? धुतलेल्या ताटल्या उचलल्या आणि पुन्हा धुवायला मागच्या नळावर निघून गेले.

आई म्हणाली, "म्हणून पोर माझ्याशी बोलत नाही होय? मला वाटलं बटाटे वाटून टाकले म्हणून रुसली." मग म्हणाली, "पारस, अंगठा माझा घेत आलास, त्याचं काही नाही. आता जीभही माझीच घेतलीस?"

 ती म्हणाली, "मास्तर यायच्या आत यादीत नाव लिही." सरांची वही तिथेच होती. मी लिहिलं. मग मी म्हणालो, मंजूला आज खरं काय ते सांगतो. तर आई म्हणाली, "नको. पोरीला तुझ्या घरात राहायचंय. मी किती दिवसांची? बापावरचा विश्वास गेला तर ती कुणाकडे बघेल? तिला सांग, आजीचं मन वळवलं."

आणि मी नाही म्हणालो का? मी म्हणालो का, की आई, तुझ्यावर हा आळ नको? नाही. मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

संध्याकाळी मंजू आजीच्या गळ्यात पडली. "आजी, तू मानलंस!" आणि आई म्हणाली, "हो गं बाई, मानलं एकदाचं."

बाकी तुम्हाला माहीत आहे. पत्रं छापून झाली, सगळी गेली, सुरतेहून आणखी मागणी आली. जूनला खोली उभी राहिली, आणि पहिल्या दिवशी तिच्यात नऊ मुली बसल्या. त्यांत ओसवालांच्या चार होत्या. कारण गावात बोलबाला झाला होता की सज्जनबाईंचंसुद्धा मन वळलं, आता आपण कोण अडवणार? पुढे जळगावला समाजाने माझा सत्कार केला. शाल दिली, मानपत्र वाचलं. "घरातील जुन्या वळणाचा कडवा विरोध पत्करून कन्येस उच्च शिक्षण देणारे", असं त्यात होतं. आई बायकांच्या पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मी शाल घेतली. घरी आल्यावर आईने ती हातात घेतली, बोटांनी सूत चाचपलं आणि म्हणाली, "हलकी आहे रे." 

मंजू कॉलेजला गेली, तिची पत्रं यायची. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवायचो. त्यांत असायचं, "आजी, तू तेव्हा हो म्हणालीस म्हणून मी इथपर्यंत आले." हे वाक्य मी माझ्या तोंडाने वाचायचो आणि आई मान हलवून ऐकायची. असं एकदा नाही, किती वेळा झालं.

आणि सर? आई होती तोवर रस्त्यात भेटले की एवढंच विचारायचे, "अक्का बऱ्या आहेत ना?" आई गेल्यावर मी एकदा विषय काढला. म्हणालो, सर, त्या दुपारचं तुम्ही कुणाला बोलला नाहीत. तर म्हणतात कसे, "कोणती दुपार? माले काय माहीत शेठ, मी त नळवर व्हतू."

सर, तुम्ही नळावर नव्हतात. नळावर गेलात. त्यात फरक आहे, आणि त्या फरकावर माझी अब्रू अकरा वर्षं टिकली. तुमच्यासारखा माणूस सोबतीला होता हे माझं भाग्य. धुरपदाबाई, यांना पिंपळनेरला नुसतं बसू देऊ नका, तिकडच्या पोरांच्या हातात रंग द्यायला लावा. तुम्हा दोघांना निरोगी, निवांत आयुष्य लाभो, आणि वर्षातून एकदा तरी बोदवडचं तिकीट काढा. माझं घर तुमचं आहे.

अध्यक्ष महाशय, आपण घंटीला हात लावला नाहीत, साहेब उन्हात आले, सुनंदाबाईंनी पाचाची पंचवीस मिनिटं होऊ दिली, सुंदरबाईंनी मला मध्येच अडवलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी घरातली गोष्ट बाहेर काढली, बोलण्यात वाकडंतिकडं गेलं असेल, तेवढं सभेने पोटात घालावं. ते सभेच्या हातात आहे.

एक मात्र सभेच्या हातात नाही. सरांच्या निरोपासाठी माझी मंजू काल धुळ्याहून आली आहे. तिकडे मुलींच्या शाळेत शिकवते. ती बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली आहे. मंजू, उठू नकोस, बसल्या बसल्या ऐक. तुला आजी कधीच नाही म्हणाली नव्हती. नाही म्हणणारा मी होतो. ज्या पंधरा दिवसांत तू तिच्याशी बोलली नाहीस, ते पंधरा दिवस माझ्याशी न बोलण्याचे होते. मला माफ कर.

तू रडते आहेस की रागावली आहेस, ते मला इथून चष्म्याशिवाय दिसत नाही. दोन्ही चालेल.

नमस्कार.